धोंड्याची सावली

या, असे पुढं सरका. पंख्याच्या घरघरीत माझा आवाज तिथवर पोचायचा नाही. सुलभाताई, तुम्ही खुर्चीवर बसा, ही बाकीची मंडळी बसतील खाली. तुमच्या हातातली वही मी लांबूनच ओळखली. पाथरकरांच्या कंपनीचा फार्स, ‘धोंड्याची फजिती’. तुमच्या नाट्यमंडळाच्या शताब्दीला जुनं काहीतरी करायचं म्हणून तुम्ही ती शोधून काढलीत आणि आता अडलात, यातले जातीवरचे शब्द ठेवायचे की काढायचे. त्या कंपनीतला मी एकटाच उरलोय, म्हणून मला विचारायला आलात.

सांगतो. पण आधी एक गोष्ट ऐकावी लागेल. कीर्तनात बुवा तासभर पूर्वरंग लावतात आणि मला तो कितीही लांबला तरी पुरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज मात्र मी सरळ कथेलाच हात घालतो.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, गॅसबत्त्या पेटेनात, म्हणून आमची कंपनी बाजारच्या दिवशी दुपारचे खेळ करायची. चारी बाजूंनी कनाती, वर आभाळ उघडं. हिवरगावात मुक्काम पडला आणि त्याच सकाळी विष्णू लाटकर तापानं फणफणला. फार्सात धोंड्या तो करायचा.

तात्यासाहेब पाथरकर, म्हणजे आमचे मालक, फार्सात बापूभटाचं काम स्वतः करत. ते दाढी करता करता म्हणाले, “माधवा, आज धोंड्या तू.”

“तात्या, मी? मी नारद करतो.”

“नारद आधी, धोंड्या मागनं. मधे तासभर आहे की. काजळी फास, घोंगडी घे, झाला महार.”

“मला जमायचं नाही, तात्या.”

“न जमायला काय झालं? चल, म्हणून दाखव. जव्हार म्हाराज.”

मी म्हणालो, “जोहार, मायबाप.”

“छे!” तात्यांनी वस्तरा खाली ठेवला. “अरे, कीर्तनकारासारखं काय बोलतोस? नाकात बोल. जव्हाऽऽर म्हाराज, म्या हाय धोंड्या. तुला महाराची भाषाच येत नाही की रे!”

सगळी कंपनी हसली. मीही हसलो.

मला तुम्ही माधवराव जगदाळे म्हणता. माझं पाळण्यातलं नाव मसू. हिवरगावापासून कोसभरावर बोरखेड आहे, तिथल्या महारवाड्यातला मसू. हे मी घराबाहेर आज पहिल्यांदा बोलतोय.

पटकीच्या साथीत आईबाप एका दिवसाच्या अंतरानं गेले आणि मला गोजराआत्यानं वाढवलं. बापाची थोरली बहीण. तिला ना मूल ना बाळ. तिला नाद एकच, कीर्तनाचा. गावात बुवा आले की आम्ही दोघं मारुतीच्या देवळाच्या भिंतीबाहेर, लिंबाखाली बसायचो. आत जायची मनाई होती, पण आवाजाला भिंतीचं काय? बुवा एकदा म्हणत, आत्या दुसऱ्यांदा म्हणे, मी तिसऱ्यांदा. माझी शुद्ध भाषा, माझं गाणं, सगळं त्या लिंबाखालचं.

तिनं मला आणखी एक शिकवलं होतं. ती म्हणायची, “मसू, उन्हं कलली की मानसाची सावली लांब पळती. समोरनं कुनी मोठ्या घरचं आलं की उबं ऱ्हायाचं न्हाई. खाली बसायचं आन सावली गोळा करून पोटाखाली घ्यायची.” दोन वर्षांचा होतो तेव्हापासून मी सावली गोळा करत होतो. पोराला चालायला शिकवावं तसं ते अंगात बसलं होतं.

चौदाव्या वर्षी मी तिला न सांगता पळालो. पुढं पाथरकरांची कंपनी भेटली. नाव विचारलं, मी माधव सांगितलं. गाऊन दाखव म्हणाले, गायलो. जात कुणी विचारली नाही, भाषा ऐकूनच ते ती धरून चालले. सहा वर्षं मी त्यांच्या पंगतीत जेवलो, त्यांच्या हंड्यातलं पाणी प्यालो, नटराजाच्या तसबिरीला हार घातला.

आणि सहा वर्षं नीट झोपलो नाही. दुसऱ्या एका कंपनीतल्या सारंगीवाल्याची हकीकत मी ऐकली होती. एका यात्रेत त्याला त्याच्या गावच्या कुणीतरी ओळखलं. त्याला चावडीच्या खांबाला बांधलं. तिसऱ्या दिवशी सोडला तेव्हा सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते ऐकल्यापासून गर्दीत कुणी कुणालाही हाक मारली की मी मान खाली घालून चालायला लागायचो.

हिवरगावचा मुक्काम ठरला तेव्हाच मी आजारी पडायला हवं होतं. माझ्या आधी विष्णू पडला.

दुपारी तीनला खेळ उभा राहिला. मी नारदाच्या वेषात पडद्याच्या फटीतून पाहिलं. पुढं खुर्च्या, मग सतरंज्या, मग मोकळी जमीन. सगळ्यात मागं बांबूचा आडवा अडसर आणि त्याच्यापलीकडं आमची माणसं. तिकीट तेच, वाट वेगळी. दारावरचा भैरू तिकिटं त्यांच्या ओंजळीत वरून टाकत होता. तोंडं ओळखू येत नव्हती. डोक्यावरचे पदर आणि मुंडाशी तेवढी दिसत होती.

चिपळ्या वाजवत मी पुढं आलो आणि पद उचललं. आमच्या मुलखातले सगळे कीर्तनकार म्हणायचे ते:

दारी उभा तुझ्या, मज आत घेई.

दुसरी ओळ सुरू केली आणि बांबूपलीकडून एक बाईमाणसाचा आवाज उठला.

“मसू! माजा मसू!”

लोक मागं वळून हसले. कुणीतरी ओरडलं, “ए, गप बस म्हातारे!” मी गात राहिलो. कसा ते विचारू नका. चिपळ्यांचा ताल सुटला असता तर संपलंच होतं, म्हणून मी चिपळ्यांकडंच बघत गायलो. टाळ्या पडल्या. मी आत आलो.

तात्या विंगेतच उभे होते. “आज छान लागला होता आवाज,” ते म्हणाले. मग फटीतून बाहेर बघत, “ती बाई कुणाला हाक मारत होती?”

“कुणास ठाऊक. वेडी असेल.”

“हं.”

“तात्या, आज फार्स राहू द्या ना. माझा घसा बसतोय.”

“बाजारकरी माणूस फार्सासाठी तिकीट काढतो, माधवा. नारदासाठी नाही.” आणि माझ्या गालावर काजळी त्यांनी स्वतःच्या हातानं फासली. “इकडं बघ. घाबरलायस का?”

“नवं काम आहे ना.”

“त्यात काय नवं? लोटांगण घाल, शिव्या खा, लोक हसतील.”

फार्स तुम्ही वाचलाच आहे. धोंड्याला देवभक्तीची हौस येते. तुळशीची माळ घालून तो कीर्तनाला जातो आणि पदं वेडीवाकडी म्हणतो. बापूभट आंघोळ करून तांब्या घेऊन निघतात, तो आडवा येतो. बापूभट ओरडतात, “ए महारड्या, लांब हो! सावली पडली, पुन्हा आंघोळ आली!” हे तीनदा होतं. तिसऱ्यांदा प्रेक्षकच ते वाक्य ओरडतात.

मी नाकात बोललो. जव्हार म्हाराज म्हणालो. ज्यानं ते लिहिलं त्यानं आमच्यातल्या कुणाचं बोलणं कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. खरी बोली माझ्या जिभेवर होती आणि ती दाताखाली दाबून मी त्याची खोटी बोलत होतो. मग ते पद आलं. वहीत आहे तसं मी म्हणालो, “दारी हुबा तुज्या, मला भात देई.” खुर्च्या, सतरंज्या, सगळं मैदान खदखदलं. बांबूपलीकडं मी पाहिलं नाही.

आणि तात्या तांब्या घेऊन आले.

ठरलं होतं असं, की मी त्यांना सरळ धडकायचं. पण साडेचार वाजून गेले होते. सूर्य माझ्या पाठीमागं होता. फळ्यांवर माझी सावली लांब पडली होती आणि तात्यांच्या तांब्याकडं सरकत होती. एवढं मी पाहिलं. पुढचं माझ्या अंगानं केलं. मी उकिडवा बसलो, घोंगडी आवळली, गुडघे छातीशी घेतले आणि सावली गोळा करून पोटाखाली घेतली.

लोकांना वाटलं, काय बारकावा आहे! टाळ्यांवर टाळ्या. पण तात्या थबकले. बापूभटाच्या गंधाखालून त्यांचे स्वतःचे डोळे माझ्याकडं बघत होते. एक पळभरच. मग त्यांनी वाक्य फेकलं, “ए महारड्या, लांब हो!” आणि फार्स पुढं सुरू झाला. बाकीच्या दोन्ही वेळा मी धडकलो, जोरात धडकलो. उशीर झाला होता.

पडदा पडल्यावर मी रंग पुसायला बसलो. आरशात माझ्या मागं तात्या दिसले.

“ते बसणं तुला कुणी शिकवलं रे?”

“कुणी नाही. पाहिलंय गावोगाव.”

“मीही गावोगाव पाहिलंय. चाळीस वर्षं पाहतोय. लांब होतात, बाजूला होतात. असं गोळा होऊन बसलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.”

मी काजळी पुसत राहिलो. गाल सोलवटून निघाला तरी पुसत राहिलो.

“तुझं गाव कुठलं म्हणालास?”

“सांगितलं होतं की. कोकणात, घाटाखाली.”

“हं.” त्यांनी कनातीच्या फटीतून बाहेर पाहिलं. “ती बाई अजून उभी आहे. चल जरा.”

“कशाला, तात्या?”

“चल म्हणतो ना. उगाच तिच्याशी तुझं नाव जोडलं जायला नको. भैरू, काठी घे.”

बाहेर मैदान रिकामं होत होतं. बांबूच्या अडसराशी ती एकटी उभी होती. सहा वर्षांत वाळून काटकी झाली होती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. तिनं माझ्याकडं पाहिलं. काय चेहरा होता तो! खेळात देव प्रसन्न झाल्यावर भक्ताचा करायचा चेहरा आम्ही तासन्‌तास घोटायचो, तो कुणालाही तसा जमला नाही. मी तिच्याकडं पाहिलं आणि एवढीशी मान हलवली. नको.

तात्या वीस पावलांवर थांबले. “काय गं ए, कुठली तू? मघाशी कुणाला हाका मारत होतीस?”

आत्यानं एकदा तात्यांकडं पाहिलं, एकदा भैरूच्या काठीकडं. मग तिचा चेहरा कुणीतरी दिवा विझवावा तसा झाला.

“जोहार, मायबाप. बोरखेडची हाय म्या. चुकलं माजं.”

“कोण मसू?”

“माजा भाचा व्हता, जी. त्येचा गळा आसाच व्हता. ह्या सायबाचं गानं ऐकलं आन काळीज भुललं.”

“कुठं असतो तो?”

“मेला त्यो. पटकीत मेला. सा वर्सं झाली. वढ्याच्या काठाला म्या माज्या हातानं पुरला.”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या पायांकडं बघत होतो. अंगठ्याला जखम होती, तिच्यावर हळद भरलेली होती.

“हा नाही ना तो?” तात्या हसत म्हणाले. ते हसणं मला आवडलं नाही.

“काय बोलता, म्हाराज! कुठं इंद्राचा दरबार, कुठं आमचा उकिरडा!”

“बरं, बरं. जा मग.”

“जी.”

ती वळली. पण वळली ती भलत्याच बाजूनं. सूर्य टेकाडावर टेकला होता. ती उन्हाच्या बाजूनं माझ्याकडं आली, पाचसहा पावलं भराभरा आली, आणि तिची सावली, लांबच लांब, जमिनीवरून सरपटत माझ्या पावलांवर चढली, गुडघ्यांवर चढली. आणि ती तशीच उभी राहिली.

म्हातारपणानं चुकली, मला वाटलं. तात्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. ते माझ्याकडं बघत होते. बाजूला झालो नाही तर काय, आणि बाजूला होऊन गप्प राहिलो तर काय, सगळं मला एकदम समजलं. माझं तोंड उघडलं. तोंडात दुसरं काही नव्हतंच, अर्ध्या तासापूर्वी तीनदा ऐकलेलं वाक्य तेवढं होतं.

“ए महारडे, लांब हो! सावली पडली!”

उडी मारून मी मागं झालो. बापूभटासारखीच, धोतर सावरत.

भैरूची काठी तिच्या खांद्यावर बसली. आवाज मला ऐकू आला. ती ओरडली नाही. “चुकलं, सायेब,” म्हणाली आणि वाकून, पाठ न दाखवता, मागं मागं गेली. बांबूपलीकडं पोचल्यावर वळली आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

तात्या माझ्या पाठीवर हात ठेवणार होते, तेवढ्यात त्यांनी तो मागं घेतला. मग मोकळं हसले. “काय भलतंसलतं डोक्यात येतं माझ्याही! जा बाबा, नदीवर जा. आंघोळ करून ये, मग जेवू.”

मी नदीवर गेलो. माझ्या आत्याची सावली अंगावर पडली म्हणून मी आंघोळ केली. पाण्यात बसलो तो अंधार पडेपर्यंत उठलो नाही, म्हणून शेवटी बोलवायला माणूस आला.

त्यानंतर दीड वर्ष मी बोरखेडच्या वाटेला गेलो नाही. भीती गेली नव्हती. आता तिला लाजही चिकटली होती. मग कंपनी बुडाली, मंडळी पांगली आणि एका तिन्हीसांजेला मी डोक्यावर टॉवेल घेऊन महारवाड्यात शिरलो. ती दारात सुपात बाजरी पाखडत होती. तिनं वर पाहिलं आणि पाखडणं थांबवलं नाही.

“आत ये. मुकाट्यानं. शेजारी बघतील.”

मी आत गेलो. तिनं मडक्यातलं पाणी दिलं. मी पायावर डोकं ठेवायला गेलो तर पाय मागं घेतले.

“बसायचं न्हाई. निगायचं. तुजं दिवस घातल्यात म्या.”

“म्हणजे?”

“तुजा मालक लई शाना. दुसऱ्या दिशी मानूस धाडला पाटलाकडं, मसू महार खरंच मेला का म्हून. म्हनलं, पळाला त्याच साली पटकीत मेला, म्या गुपचूप पुरला, आन भिताडाला डोकं आपटून रडले. गावाला पटावं म्हून दिवस घातलं. भाकऱ्या दिल्या. आता मेल्यालं मानूस गावात दिसलं तर मी खोटी पडंन, आन पाटील मला सोडायचा न्हाई. हितनं पुडं तू ह्या गावाला मेलास, बाबा.”

चुलीचा धूर होता, तो बरा होता.

मग तीच म्हणाली, “त्या दिशी ते पद वाकडं म्हनलास.”

“फार्सात तसंच लिहिलंय, आत्या.”

“लिव्हनाराला काय. भिंतीबाहिर बसून शिकल्यालं पद हाय ते. नीट म्हन.”

मी म्हणालो. शेजारी ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात. दारी उभा तुझ्या, मज आत घेई. ती सुपाच्या काठावर बोटांनी ठेका धरत होती. पद संपलं आणि मला जे विचारायचं नव्हतं तेच मी विचारलं.

“आत्या, त्या दिवशी तुझी सावली चुकली, आणि मी...”

“माजी सावली?” ती सूप खाली ठेवून माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघत म्हणाली. “आरं येड्या, साठ वर्सांत माजी सावली कदी चुकली का? त्या मानसाचा इश्वास बसत नव्हता. म्हनलं, माज्या पोराला मला शिवी द्यायला जागा तर पायजे.”

तिनं माझ्या खांद्याला धरून मला उठवलं आणि मागच्या दारानं बाहेर घातलं. पुन्हा मी तिला पाहिलं नाही.

तर मंडळी, वहीतले शब्द ठेवा किंवा काढा, ते तुमचं तुम्ही ठरवा. ठेवलेत तर ते म्हणणाऱ्याला आधी ही गोष्ट सांगा, आणि धोंड्याच्या तोंडी ते पद मात्र सरळ घाला. माझं नाव जाहिरातीत नको. देवळात आता मी पहिल्या रांगेत बसतो. पण बुवांनी पद उचललं की दुसऱ्यांदा मी म्हणत नाही, ती ओळ तिच्यासाठी मोकळी सोडतो. तुम्हीही नांदीच्या आधी एक क्षण थांबा आणि तिला आठवा. बोरखेडची गोजरा. भिंतीबाहेर बसायची.